दोन रुमालांची दुरुस्ती

दत्ता,

तुझ्या निधनाची बातमी आमच्या पेपरात साडेपाच ओळींची आली. ती मीच लिहिली. वय, हुद्दा, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली नोकरी, मागे कोण कोण राहिलं, अंत्यसंस्कार कुठे झाले. आडनाव दोनदा तपासलं. त्या साडेपाच ओळींत एकही चूक नव्हती. इतकी वर्षं उपसंपादकाच्या खुर्चीत बसल्यावर माणसाला तेवढं येतंच.

चूक दुसरीकडे आहे. ती तुला माहीत होती, मला माहीत आहे आणि तुझ्या बायकोला, कुंदा वहिनींना, माहीत आहे. ती दुरुस्त कर म्हणून तू सहा वर्षं माझ्या मागे लागला होतास आणि मी सहा वर्षं ‘बघतो’ म्हणत राहिलो. ते काम आज करायचं आहे. पण नुसती दुरुस्ती छापली तर वाचणाऱ्याला कशाचा काही पत्ता लागणार नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. तुला ते पाठ आहे. तरी ऐक.

नव्वदच्या दशकाचा मध्य. तुझा मावसभाऊ फ्रान्समध्ये नोकरीला होता. तो सुट्टीवर येताना तुझ्यासाठी एक पेटी घेऊन आला. काळ्या जाड पुठ्ठ्याची, वर चंदेरी अक्षरं. आत पाच व्हिडिओ कॅसेटी, एक पुस्तिका आणि तळाला संचाचा क्रमांक छापलेला. संग्राहकांसाठी मोजक्याच काढलेल्या संचांपैकी तो एक होता. पाचही सिनेमे एकाच फ्रेंच दिग्दर्शकाचे. त्याचं नाव आपल्या दोघांनाही नीट उच्चारता आलं नाही, म्हणून तू त्याला ‘मास्तर’ म्हणायला लागलास. इथेही मास्तरच म्हणतो. या प्रकरणात त्याचा काही दोष नाही.

मास्तरच्या सिनेमात पाठलाग नसायचा, किंकाळी नसायची. चार माणसं जेवायला बसलेली असायची, कुणी तरी कुणाला मीठ सरकवायचं, आणि आपल्याला हळूहळू कळायचं की यांच्यापैकी एकानं दुसऱ्याला मारायचं ठरवलं आहे. कोणी आणि का, एवढाच प्रश्न. उत्तर तोंडानं कोणीच द्यायचं नाही. ते डोळ्यांनी शोधायचं.

तुझ्याकडे कॅसेटींचं कपाट आधीपासून होतं. प्रत्येक कॅसेटला एक कार्ड, कार्डावर पाहिल्याची तारीख आणि फितीची अवस्था, तीही कारखान्याच्या भाषेत: ‘आवाज नॉर्मल. चाळिसाव्या मिनिटाला खरखर. लक्ष ठेवणे.’ फीत पूर्ण मागे गुंडाळल्याशिवाय कॅसेट कपाटात जायची नाही. पण मास्तरच्या संचापुढे ते सगळं फिकं पडलं. त्या सिनेमांत खाली इंग्रजी संवादांची अक्षरं नव्हती, नुसतं फ्रेंच. कॉलेजात दुसरी भाषा म्हणून घेतलेलं फ्रेंच तू वीस वर्षांनी बाहेर काढलंस, जाड शब्दकोश आणलास आणि एकेक सिनेमा दोन-दोन आठवडे थांबवत थांबवत एकट्यानं पाहिलास. जुन्या लॉगबुकात डाव्या रकान्यात व्हीसीआरच्या काउंटरचा आकडा, उजव्या रकान्यात मराठी संवाद. मग रविवारी सकाळी नऊ वाजता इंदिरानगरच्या तुझ्या पहिल्या मजल्यावरच्या घरी आम्ही सात-आठ जण जमायचो, आणि तू टीव्हीशेजारी स्टुलावर बसून, एक डोळा काउंटरवर ठेवून, सगळ्यांचे संवाद वाचायचास.

सगळ्यांचे म्हणजे सगळ्यांचे, आणि एकाच आवाजात. नवरा, बायको, पोस्टमन, खुनी. कंट्रोल रूममधून दाब आणि तापमान सांगावं तसं. पहिल्या रविवारी आम्हाला हसू आवरेना. तिसऱ्या रविवारपर्यंत त्या आवाजाची सवय झाली, आणि पुढे तर तोच मास्तरचा आवाज वाटायला लागला. खुनी माणूस ‘कॉफी घेणार का?’ म्हणतो तेव्हा आवाजात काही नसेल तरच अंगावर काटा येतो, हे मी तुझ्याकडून शिकलो. बातमी लिहितानाही मला त्याचा उपयोग झाला. हे तुला कधी सांगितलं नाही.

मध्येच वीज जायची. मग सगळे तुझ्याकडे बघायचे.

“दत्ता, तुझ्याच कारखान्यात तयार होते ना रे? फोन लाव, म्हणावं खून अर्धा राहिलाय.”

तू स्टुलावरून न उठता म्हणायचास, “आम्ही पाठवतो. वाटेत कोण पितं ते आम्हाला विचारू नका.” आणि लॉगबुकात काउंटरचा आकडा लिहून ठेवायचास.

तिसरी कॅसेट. इथून पुढे मी जरा सावकाश सांगणार आहे.

छोट्या गावात एक चष्म्याचं दुकान. दुकानदार, त्याची बायको, आणि त्यांच्याकडे राहणारी बायकोची बहीण. दुकानात एक भागीदारही आहे. सुरुवातीलाच बायको बाजारात जाते आणि गळ्यात बांधायचे दोन रेशमी रुमाल समोर ठेवून उभी राहते. दुकानातली मुलगी विचारते, “हा की तो?” बायको बोलत नाही. एक उचलते, ठेवते, दुसरा उचलते, उजेडात नेते, परत आणते. जवळजवळ दोन मिनिटं हेच चाललेलं. शेवटी दोन्ही घेते. एक स्वतःला, एक बहिणीला. पुढे दोघी ते रुमाल घालून वावरताना दिसतात. मग एके दिवशी भागीदार मागच्या गोदामात मेलेला सापडतो, आणि त्याच्या हाताखाली त्यातला एक रुमाल. इन्स्पेक्टर येतो, रुमाल बघतो, जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या दोघींकडे बघतो. दोघींच्याही गळ्यात काही नाही. इन्स्पेक्टर टोपी घालून निघून जातो. संपलं.

पडद्यावर आपल्याला दिसत होते ते दोन्ही रुमाल अगदी सारखे होते. करडे. सिनेमाच काळापांढरा होता. पाचही सिनेमे काळेपांढरे होते, पुस्तिकेतले फोटोही तसेच. आपल्याला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट फार थोर वाटलं.

रुमालांचा प्रसंग चालू होता तेव्हा वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या होत्या. त्या नेहमी तिथेच, दाराजवळच्या मोड्यावर बसून बघायच्या.

“दोन्ही रुमाल सारखेच आहेत, तर ती एवढा वेळ काय बघतेय?” त्या म्हणाल्या.

तू काउंटरवरची नजर न काढता म्हणालास, “तेच तर आहे, कुंदा. निवड करण्यात काही अर्थ नसतो, असं मास्तरला सांगायचंय.”

“ते मास्तरला. बाईला काय सांगायचंय? रंग वेगळे असणार.”

“वहिनी, सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट आहे,” मी म्हणालो.

“तुमच्या टीव्हीवर आहे. तिच्या दुकानात नसेल.”

गणिताचे निवृत्त सर यायचे ना, ते म्हणाले, “येवल्याच्या माणसाला काळ्यापांढऱ्यातसुद्धा पैठणी दिसते!”

सगळे हसले. मी हसलो. तूही हसलास, दत्ता.

वहिनी रागावल्या नाहीत. ट्रे ठेवत म्हणाल्या, “आमच्या ओट्यावर बायका तास तास दोन साड्या पुढ्यात घेऊन बसायच्या. लहानपणापासून बघितलंय मी. सारख्या दोन घेऊन बसलेली एकही बघितली नाही.” आणि आत गेल्या. त्यांचं माहेर येवल्याचं, विणकराचं. आपण ते वाक्य ऐकलं आणि चहा प्यायलो.

पुढच्या महिन्यात मी लेख लिहिला. ‘रंग नाकारणारा दिग्दर्शक’. रविवारच्या पुरवणीत, पहिल्या पानावर. दोन एकसारख्या रुमालांपुढे उभी असलेली बाई, हा त्या लेखाचा कणा. माणसाला निवड आहे असं वाटतं, पण समोरच्या दोन्ही गोष्टी एकच असतात. म्हणून खून कोणाचा रुमाल घेऊन झाला हे महत्त्वाचं नाही. म्हणून इन्स्पेक्टर काही न बोलता निघून जातो. म्हणून मास्तरनं रंग टाकून दिला. एकातून एक, पायरीपायरीनं. आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात मी हे वाक्य टाकलं: ‘एका गृहिणीला मात्र या चित्रपटात रंग दिसले, दोष तिचा नाही, घरोघरच्या रंगीत टीव्हीचा आहे.’

ते वाक्य मला लिहिताना आवडलं होतं. संपादकांना वाचताना आवडलं. त्या लेखामुळे वर्षभरात पुरवणी माझ्याकडे आली. पुढे तो माझ्या पुस्तकातही पहिला लेख म्हणून गेला.

नाव छापलं नव्हतं. पण इंदिरानगरात दर रविवारी फ्रेंच सिनेमा चालणारं घर एकच होतं.

लेखानंतरच्या रविवारी वहिनी बाहेर आल्या नाहीत. चहा आतून आला, तू आणलास. पुढच्या रविवारीही तसंच. मोडा काही दिवस तिथे होता, मग त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी आली. त्याच सुमारास तू मोठ्यानं वाचायला लागलास. सर एकदा म्हणालेही, “अहो दत्तोपंत, आम्ही बहिरे नाही.” मला वाटलं, टर्बाइनच्या आवाजात इतकी वर्षं काढल्यावर कान गेले असतील. तू आतल्या खोलीपर्यंत आवाज पोचवत होतास, हे कळायला मला काही वर्षं लागली. आणि कळल्यावरही मी तसं तुला म्हणालो नाही.

त्यानंतर सात वर्षं तरी गेली असतील. एका दुपारी मला ऑफिसात तुझा फोन आला.

“संपादक, ये.”

“पुरवणी लावतोय.”

“नंतर लाव. आधी ये.”

स्कूटरवरून आलो. तू आरामखुर्चीत दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होतास. मावसभावानं तोच संच आता डीव्हीडीवर पाठवला होता, पेटी तशीच काळी, फक्त लहान. टीव्हीवर चित्र थांबवून ठेवलं होतं. बाजारातली बाई, तिच्यासमोर दोन रुमाल. एक हिरवा. एक विटकरी.

मी हसलो. तू हसला नाहीस.

तू मला नीट समजावून सांगितलंस. फ्रान्समध्ये फितीवर रंग नोंदवायची पद्धत वेगळी होती. आपल्या यंत्राला त्यातलं चित्र कळायचं, रंग कळायचे नाहीत. ते गुपचूप काळंपांढरं दाखवायचं आणि पुढे जायचं. “मशीन बंद पडलं असतं तर दहा मिनिटांत शोधून काढलं असतं,” तू म्हणालास. “चालू राहिलं म्हणून फसलो. आणि मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस.”

“पुस्तिकेतले फोटो पण काळेपांढरे होते,” मी म्हणालो.

“रीडिंगची शंका आली की दुसऱ्या मीटरवर बघायचं असतं. आपल्या घरात दुसरा मीटर होता. आपण त्याला चहा करायला लावला.”

मग तू हाक मारलीस, “कुंदा, जरा बाहेर ये.”

वहिनी पदराला हात पुसत आल्या. टीव्हीकडे पाहिलं. आपल्या दोघांकडे पाहिलं.

“तू बरोबर होतीस,” तू म्हणालास.

“मला माहीत होतं.” पुन्हा एकदा टीव्हीकडे बघून त्या म्हणाल्या, “हिरवा चांगला आहे. विटकरी तिला शोभणार नाही.” मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, “भाऊजी, तेव्हा पेपरात आलं होतं. हेही येईल ना?”

“येईल की,” मी म्हणालो.

“बरं,” म्हणून त्या आत गेल्या. कणीक भिजवायची होती.

त्या संध्याकाळी आपण सिनेमा पुन्हा पहिल्यापासून पाहिला आणि सगळं उलटंपालटं झालं. तू इतकी वर्षं म्हणत होतास की खून नवऱ्यानं केला आणि रुमाल मुद्दाम टाकला. मी म्हणत होतो, कोणी केला हा प्रश्नच नाही. रंगात पाहिलं तर शाळकरी पोरालाही कळेल. सिनेमाभर बायको हिरवा घालते, बहीण विटकरी. मेलेल्याच्या हाताखाली विटकरी. इन्स्पेक्टर काही बोलत नाही, कारण बोलण्यासारखं काही उरलेलंच नाही. मास्तरनं लहान मुलाला दाखवावं तसं बोट करून दाखवलं होतं. आपण त्या बोटावर प्रबंध लिहिला.

मग दुरुस्तीचं सुरू झालं.

मी म्हणायचो, पेपरात दुरुस्ती नावाची असते, आकड्याची असते. रसग्रहणाची नसते.

“रसग्रहण? सिनेमा रंगीत आहे हे रसग्रहण आहे?”

मी म्हणायचो, सात वर्षांपूर्वीचा लेख कोणाच्या लक्षात आहे?

“जिच्या आहे ती आत पोळ्या करतेय.”

मी म्हणायचो, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली की त्यात तळटीप देतो. आवृत्ती निघाली नाही. मग निवडणुका आल्या, मग कुंभमेळ्याची पुरवणी, मग कागदाचे भाव वाढले आणि पानं कमी झाली. ही सगळी कारणं खरी होती. एकही कारण खरं नव्हतं. नव्या मुलांना मी तोच लेख दाखवून सांगायचो की बघा, एका प्रसंगावर लेख कसा उभा करतात. त्यांच्यापुढे ‘तो प्रसंग मला दिसलाच नव्हता’ असं म्हणायची माझी तयारी नव्हती. एवढंच.

तुझ्या कामाच्या जागी, तू सांगायचास, रीडिंग चुकीचं लिहिलं गेलं तर खोडरबर चालत नाही आणि वर गिरवायलाही परवानगी नाही. एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, सही करायची. चूकही दिसली पाहिजे आणि कोणी सुधारली तेही. “तुमच्याकडे मोठमोठी माणसं आहेत,” तू म्हणायचास, “आमच्याकडे आयटीआय झालेला पोरगा हे करतो.”

तू हे भांडणाच्या सुरात म्हणायचास, म्हणून मला ते सोपं जायचं. भांडण मला येतं. एकदाच तू वेगळ्या आवाजात बोललास. पांडवलेण्याच्या पायथ्याशी आपण सकाळी फिरायला जायचो तेव्हा. तू म्हणालास, लेख आला त्या वर्षीच्या संक्रांतीला खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर कुंदाला विचारलं, “काय कुंदाताई, माझी साडी आज कुठल्या रंगाची दिसतेय?” बाकीच्या हसल्या. कुंदाही हसली आणि वाण घेऊन घरी आली. “पुढच्या वर्षी गेली नाही. त्याच्या पुढच्याही. मी तिला किती वेळा म्हटलं, रविवारी बाहेर बस. म्हणते, काम आहे.” थोडं चालून झाल्यावर म्हणालास, “मी हसलो होतो ते मी तिच्याशी मिटवलं. तू छापलंस ते मला मिटवता येत नाही.”

मी तेव्हा म्हणालो, “या महिन्यात करतोच.”

त्या महिन्यात केलं नाही.

आपला दुसरा वादही अर्धाच राहिला. शेवटच्या वर्षांत तुला वाटायला लागलं होतं की आपला काळापांढरा सिनेमाच जास्त चांगला होता. मास्तरनं काढलेला सिनेमा हुशार आहे, पण उत्तर सापडलं की संपतो. आपण पाहिलेला संपतच नव्हता. “तो मास्तरनं काढलाच नव्हता,” तू म्हणायचास, “तो आपण दोघांनी आणि त्या बिघडलेल्या मशीननं काढला.” मी म्हणायचो, हे चुकीला शोभा आणणं झालं. गंमत बघ. दुरुस्ती छाप म्हणून तू भांडायचास आणि चुकीच्या बाजूनं बोलायचासही तूच. मी दुरुस्ती द्यायची टाळायचो आणि चुकीला चूक म्हणायला मात्र पहिला. यातलं कोण प्रामाणिक होतं, याचा निकाल आता लागला आहे. पण सिनेमाचा लागलेला नाही. त्या एका मुद्द्यावर मी अजून तुझ्याशी सहमत नाही आणि मला त्याचं बरं वाटतं.

शेवटचं भेटलो त्या दिवशी आपण कशावरच भांडलो नाही. तुला जिना चढवत नव्हता, म्हणून खाली फाटकाशीच उभे राहून बोललो. तू विचारलंस, “येत्या रविवारी?”

“जागा झाली की,” मी म्हणालो.

तू मान हलवलीस. त्या मान हलवण्यात राग नव्हता, हे मला जास्त लागतं. तू माझ्या जागी असतास तर त्याच दिवशी ऑफिसात जाऊन जाहिरात काढली असतीस आणि चार ओळी बसवल्या असत्यास. पाच ओळींची जागा रोज होते. तुझ्या बातमीला झालीच.

तेराव्यानंतर मी घरी गेलो. या लेखाचा कच्चा मजकूर, दुरुस्तीसकट, लिहून नेला होता. वहिनी जेवणाच्या टेबलाशी बसल्या, चष्मा लावला आणि आधी पूर्ण वाचला. मग पेन्सिल मागितली. इतक्या वर्षांत माझी कॉपी इतक्या शांतपणे कोणी तपासली नाही.

“इथे ‘एका महिला प्रेक्षकाने’ असं आहे. तेव्हा ‘गृहिणी’ होते, आता ‘प्रेक्षक’. नाव घाला.”

“घालतो.”

“आणि यांचं नाव कुठंय?”

मला कळलं नाही.

“हसले ते पण,” त्या म्हणाल्या. “तुम्ही एकटेच हसल्यासारखं लिहिलंय.”

“वहिनी, स्मृतिलेख आहे हा. त्याच्यावरचा.”

“मग? आठवण खरी नको का?” त्यांनी पेन्सिलनं समासात एक खूण केली. “ते असते तर त्यांनीच घालायला लावलं असतं. तुमच्या त्या मास्तरसाठी पंधरा पंधरा दिवस शब्दकोश घेऊन बसणारा माणूस. एक शब्द मनचा घालायचे नाहीत.”

मी नाव घातलं. मग विचारलं, “सरांचंही घालू?”

“नको. म्हातारे झालेत. त्यांना वाईट वाटेल.” आणि जरा थांबून, “आणि पैठणीचं म्हणाले ते काही खोटं नव्हतं.”

त्या हसल्या. मीही हसलो. तुझा फोटो समोर होता. त्याला घातलेला हार कोणत्या रंगाचा होता ते मी नीट बघून ठेवलं. पिवळा, मध्ये एकेक पांढरं फूल.

वहिनींनी मान्य केलेला दुरुस्तीचा मजकूर असा:

‘दुरुस्ती : याच पुरवणीत काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या “रंग नाकारणारा दिग्दर्शक” या लेखात संबंधित फ्रेंच दिग्दर्शकाचे पाच चित्रपट कृष्णधवल असल्याचे म्हटले होते. ते चूक आहे. पाचही चित्रपट रंगीत आहेत. तिसऱ्या चित्रपटातील दोन रुमाल सारखे नसून एक हिरवा व दुसरा विटकरी आहे. चित्रपट पहिल्यांदा पाहतानाच सौ. कुंदा यांनी ही गोष्ट सांगितली होती व तिचे कारणही दिले होते. लेखक आणि सौ. कुंदा यांचे पती दत्ता हे त्या वेळी हसले. लेखकाने पुढे त्याविषयी लिहिलेले वाक्य मागे घेण्यात येत आहे.’

‘सौ.’ हा शब्द मी आधी बदलला होता. त्यांनी परत घालायला लावला. म्हणाल्या, “तेव्हा होते ना. तेव्हाचं आहे हे.”

निघताना मी त्यांना सांगितलं की रविवारी येईल. पहिल्या पानावर, वरच्या भागात. जागा ठेवली आहे, शब्द देतो.

वहिनी दारापर्यंत आल्या. “तुमचा शब्द सहा वर्षं ऐकतेय, भाऊजी,” त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. रीडिंग सांगावं तसं सांगितलं. “छापून आलं की बघू.”

दत्ता, आज छापून आलं आहे.